जोझेट सीरचे स्वयंपाकघरातले तीन आठवडे

दर जानेवारीत आमच्या शाळेला तीन आठवडे वेड लागतं. गणित, इतिहास, विज्ञान सगळं बंद करायचं आणि प्रत्येक पोरानं कुठलीतरी एकच गोष्ट निवडून सकाळ-संध्याकाळ तीच करायची. कोणी काच फुंकायला शिकतं, कोणी बर्फातून डोंगर चढतं, कोणी दोन शिक्षकांबरोबर स्पेनला जातं आणि परत आल्यावर महिनाभर आपले कान किटवतं. याला आम्ही छोटं सत्र म्हणतो. माझ्या स्वयंपाकघराचाही त्या यादीत एक गट असतो. आठ मुलं, पहाटे साडेपाचला हजर, सगळ्या वसतिगृहाचा नाश्ता आणि दुपारचं जेवण त्यांच्या गळ्यात. या गटात दोनच प्रकारची पोरं येतात. ज्यांनी अर्ज उशिरा दिला ती, आणि ज्यांना अष्टौप्रहर भूक लागते ती.

जोझेट सीर यांपैकी कशातच बसत नव्हती. नववीतली, अंगानं काडी, मनगटं मात्र मजबूत. तिच्या अर्जावर पहिली पसंती माझीच होती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या ओळी कोऱ्या. चोवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून मला जरा चढलंच.

"मला निवडलंस ते का गं?" पहिल्या दिवशी मी विचारलं. माझ्या हातचं आवडतं वगैरे काहीतरी ऐकायची तयारी ठेवून.

"इथे बोलावं लागत नाही ना," ती म्हणाली आणि कांदे चिरायला लागली.

घ्या! मी कुंदा नेरूरकर. नवऱ्याला इथे गणित शिकवायची नोकरी लागली म्हणून अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या या टेकडीवर आले. तो निवृत्त होऊन आता घरी कोडी सोडवत बसतो, मी मात्र अजून रोज कामावर येते. माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही असा माझा समज आहे, आणि तो मोडून काढायची हिंमत अजून कुणी केली नव्हती. मुलं मला मिस कुंदा म्हणतात. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

पहिले पाच दिवस जोझेटनं जेमतेम वीस शब्द खर्च केले असतील. पण काम! बाकीच्या सात जणांना सुरी कशी धरायची इथपासून शिकवावं लागलं. हिच्या हाताखालून बटाटा असा निघायचा की साल कागदासारखी पातळ. ओटा पुसायला सांगावं लागायचं नाही. एक काम संपलं की दुसरं कुठलं, हे तिला माझ्याआधी कळायचं. कमी बोलणारी माणसं मला एरवी आवडत नाहीत, आत काय शिजतंय ते कळत नाही म्हणून. पण हिच्यासाठी मी माझा नियम मोडला.

बोलायचं काम तिच्या शेजारी ऑगी व्हिटलॉक करायचा. बारावीतला, हॉकीच्या संघाचा गोलरक्षक, दारात उभा राहिला तर उजेड अडवणारा. अर्ज द्यायला विसरला म्हणून माझ्या पदरी आला होता.

"सीर, तू बटाट्यांशी गुपचूप बोलतेस का गं? माझे बटाटे माझं ऐकतच नाहीत."

"तू त्यांना ऐकवतोस फार," जोझेट म्हणाली. तिच्या त्या वीस शब्दांतले हे चार.

आठवड्याच्या शेवटी आम्ही दोघीच दुपारच्या सुपासाठी गाजरं सोलत बसलो होतो. सहज बोलावं तसं मी म्हटलं, "फेब्रुवारीपासून संध्याकाळी मदतीला येत जा. तुझ्यासारखे हात मला हवेत."

"फेब्रुवारीत मी नसेन, मिस कुंदा."

"म्हणजे?"

"छोटं सत्र संपलं की पापा येणार आहेत न्यायला. शेवटच्या शनिवारी." तिनं गाजर पाण्यात टाकलं, दुसरं घेतलं. "कुणाला सांगू नका."

मग, हात न थांबवता, तिनं सांगितलं. ती मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाची, नदीपलीकडे कॅनडा दिसतो तिथली. घरात फ्रेंच बोलतात. तिचे वडील शेतावरची यंत्रं दुरुस्त करतात. त्या भागात शाळा ऑगस्टात सुरू होते आणि सप्टेंबरच्या शेवटाला तीन आठवडे बंद होते, कारण बटाटे काढायचे असतात आणि लहानथोर सगळे शेतात लागतात. तिला वाटलं, सगळ्या जगातच असं असतं. तिनं इथल्या तिसऱ्या आठवड्यात, गोल टेबलाभोवती बसलेल्या बारा मुलांसमोर हात वर करून मास्तरांना विचारलं, "बटाटे काढायची सुट्टी कधीपासून आहे?"

"मग?"

"हसले सगळे. मास्तरही हसले, पण वाईट मनानं नाही. दोन महिने मला बटाटी म्हणायचे. आता म्हणत नाहीत. आता काहीच म्हणत नाहीत."

त्यानंतर तिनं वर्गात हात वर केला नाही. आमच्याकडे वर्गात बोलण्यावर अर्धे गुण असतात, त्यामुळे तिची प्रगती काय झाली असेल ते सांगायला नको. नाताळात ती घरी गेली तेव्हा म्हणाली, मला परत जायचं नाही. वडिलांनी तिला समजावलं. एवढं छोटं सत्र पुरं कर. त्यानंतरही नको वाटलं तर मी ट्रक घेऊन येतो, तुझी पेटी मागे टाकतो आणि वाटेत एक प्रश्न विचारणार नाही.

मला राग आला. त्या बारा पोरांचा आला, मास्तरांचा आला आणि सगळ्यात जास्त तिचाच आला. एवढ्याशा हसण्यानं शाळा सोडायची? पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "गाजरं जाड सोलतेयस," मी म्हटलं. जाड वगैरे काही सोलत नव्हती ती.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी मी कोठारातून अंडी घेऊन आले तर आमच्या सहा फुटी तव्याच्या एका कोपऱ्यात काहीतरी पिवळं शिजत होतं. जोझेट पाठ करून उभी होती. मी जवळ जाऊन पाहिलं आणि माझ्या हातातली अंडी पडता पडता राहिली. आंबोळी! गोल, पातळ, आणि वर इतकी सुंदर जाळी की माझ्या आईनं मान डोलावली असती.

"हे काय आहे?"

"प्लॉय." चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला. "कुट्टूचं पीठ आहे. मेमेरनं पेटीत घालून दिलं होतं." मेमेर म्हणजे तिची आजी. "तव्यावर तेल नाही घातलं मी. पुसून ठेवीन."

"उलटत का नाहीस?"

"प्लॉय उलटत नसतात." हे मात्र तिनं असं सांगितलं, की जणू मी सूर्य कुठे उगवतो विचारलं होतं.

तेवढ्यात ऑगीचा लांब हात मधे आला आणि प्लॉय गायब झाली. त्यानं तिच्यावर लोणी फासलं, गुंडाळी केली आणि दोन घासांत संपवली. मग डोळे मिटून उभा राहिला.

"सीर," तो म्हणाला, "तू हे दहा दिवस आमच्यापासून लपवून ठेवलंस? तुला झोप कशी लागते?"

त्या सकाळी तिनं त्याला आणखी सहा घालून दिल्या. आजीचं पीठ संपलं. पीठ संपलं म्हणून तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण ती गालात हसत होती. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

छोट्या सत्राचा शेवट शनिवारी होतो. पालक येतात आणि प्रत्येक गट आपण काय केलं ते दाखवतो. काचवाले फुलदाण्या मांडतात, स्पेनवाले फोटो दाखवून छळतात. आमच्या गटानं नाश्ता द्यायचा. पदार्थ मुलांनी मत देऊन ठरवायचा, त्यात मी पडत नाही. ऑगीनं प्लॉय सुचवली. सात मतं प्लॉयला पडली, एक वॉफलला. वॉफलवालं मत कुणाचं ते मला अक्षरावरून कळलं.

"अगं वेडे, स्वतःच्याच पदार्थाला नाही म्हणालीस?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"त्या दिवशी पापा असणार." ती फडक्याची घडी घालत राहिली. "मला हसले ते चालतं. पापा उभे असताना आमच्या खाण्याला हसले तर?"

मी तिच्या गावाकडच्या गिरणीतून पीठ मागवलं. माझ्या सवयीप्रमाणे लागेल त्याच्या दुप्पट. उरलं तर उरू दे, कमी पडलं तर नाक कापलं जातं. पीठ मागवताना मी मनाशी ठरवून टाकलं, की हा नाश्ता असा झाला पाहिजे की पोरगी पेटी भरायची विसरेल. माझ्या हातात होतं ते एवढंच. निदान मला तसं वाटलं.

शुक्रवारी आम्ही तीस जणांपुरतं करून पाहिलं. जोझेट सांगत गेली, बाकीचे करत गेले. पीठ, बेकिंग पावडर, मीठ, थंड पाणी घालून घट्टसर कालवायचं. थोडं थांबायचं. मग उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं आणि लगेच तव्यावर. तेलाचा थेंब नाही. फसफसून डोळे उघडले आणि वरून कोरडी झाली की काढायची.

"आणि मिस कुंदा," ती म्हणाली, "एका वेळी बादलीभरच. हे पीठ ठेवायचं नसतं."

"बरं," मी म्हटलं.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. पण शहाणं असावं लागतं ना त्यासाठी!

शनिवारी मी पहाटे साडेचारला आले. डोक्यात दोन विचार होते आणि दोन्ही चांगले होते. पहिला असा की आज नाश्ता उशिरा म्हणून पोरं येणार सहाला, पालक धरून साडेतीनशे माणसं आठला टेबलावर बसणार, आणि बादली बादली कालवत बसलो तर निम्मी उपाशी राहतील. दुसरा असा की पीठ तयार असलं तर जोझेटला वडिलांपाशी जरा निवांत उभं राहता येईल. खरं सांगायचं तर एक तिसरा विचारही होता, तो मी स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगितला नव्हता. माझ्या आईनं कुडाळला जन्मभर आंबोळ्या घातल्या. पीठ जितकं मुरतं तितकी जाळी चांगली, हे मी तिच्या ओट्याखाली बसून शिकले. ते मला आता चौदा वर्षांची पोरगी शिकवणार?

मी दोन मोठ्या टोपांत मिळून साठ लिटर पीठ कालवलं. उकळतं पाणीही घातलं. छान फसफसलं. वरून फडकी झाकली आणि कौतुकानं कॉफी घेत बसले.

सहाला मुलं आली. त्यांना मी फळं चिरायला, सॉसेज भाजायला, टेबलं मांडायला पिटाळलं. टोप पाहून जोझेट थबकली, पण "ते माझ्याकडे राहू दे," असं मी म्हटल्यावर निमूट गेली. सव्वासातला मागच्या दारानं तिचे वडील आले. रेआल सीर. बुटकासा माणूस, टोपी हातात, नखांत कायमचं काळं वंगण, बगलेत एक डबा. डब्यात मेमेरनं पाठवलेला डुकराच्या मांसाचा मसालेदार गोळा होता, प्लॉयवर फासून खायला. त्यानं लेकीला मिठी मारली आणि भिंतीला लागून उभा राहिला, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून.

साडेसातला जोझेटनं पहिला डाव तव्यावर ओतला.

काही झालं नाही. म्हणजे खरोखरच काही झालं नाही. ना बुडबुडा, ना डोळा. राखाडी, चिकट, ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी तव्यावर पडून राहिलं. तिनं दुसरी घातली. तीही तशीच.

"हे कधी कालवलंत?" तिनं विचारलं.

"साडेचारला."

सगळे हातातलं काम टाकून टोपाभोवती जमले. ऑगीसुद्धा. मला एका क्षणात माझी चूक कळली. आंबोळीचं पीठ आंबतं, त्याचा फुगारा आतून येतो आणि रात्रभर टिकतो. हिच्या पिठाचा जीव पावडरीत. उकळतं पाणी पडलं की पंधरा-वीस मिनिटं तो नाचतो आणि मग संपतो. मी साठ लिटर पीठ मारून त्यावर फडकं घातलं होतं. हात दाखवून अवलक्षण! बाहेर साडेतीनशे माणसं येऊन बसत होती, आणि ज्या बापासमोर हसू होऊ नये म्हणून ही पोरगी वॉफलला मत देऊन आली होती, तो बाप तिथेच भिंतीला टेकून उभा होता. मला इतकी लाज वाटली की तोंड लपवायला कोठार बरं असं झालं.

रेआल पुढे आला, टोपात बोट बुडवून त्यानं चाखलं आणि लेकीकडे पाहिलं. तो बोलला असता तर आम्ही सगळ्यांनी ऐकलं असतं. पण तो पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

"आणखी पावडर घालून बघू या," मी म्हटलं. "दोन मुठी."

"कडू होईल," जोझेट म्हणाली.

"मग उलटून भाजू. पाक जास्त घालू. कुणाला काय कळतंय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, ते परवडलं असतं.

"मला कळतंय," ती म्हणाली. "हे टाकायचं."

"साठ लिटर?"

"ऑगी, त्या बाजूनं धर."

आणि दोघांनी टोप उचलून माझं पीठ खरकट्याच्या पिंपात ओतलं. आधी एक, मग दुसरा. चोवीस वर्षांत माझ्या स्वयंपाकघरात मला न विचारता कुणी मिठाचा डबा हलवला नव्हता.

"कोठारात पीठ किती आहे?" तिनं विचारलं.

"तेवढंच आणखी," मी म्हटलं. दुप्पट मागवायच्या माझ्या सवयीनं तेवढी तरी अब्रू राखली.

मग तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. म्हणजे मोठा आवाज. "चार बादल्या घ्या. प्रत्येक बादलीला एक माणूस. मी सांगेन तेव्हाच गरम पाणी ओतायचं, आधी नाही. तव्यावरचं तेल पुसा, सगळं, कोपऱ्यातलंसुद्धा. आणि मिस कुंदा, तुम्ही—" ती अडखळली.

"बोल, बोल."

"तुम्ही बाहेर जाऊन सांगाल का, की उशीर होईल?"

मी बाहेर गेले. चमचे ताटांवर वाजायला लागलेच होते. मी डावानं लोखंडी टेबलावर दोन टोले दिले. माझ्या आवाजाला माइक लागत नाही.

"नाश्त्याला अर्धा तास उशीर आहे," मी म्हटलं. "चूक माझी. नववीच्या जोझेट सीरनं मला पीठ आधी कालवू नका म्हणून बजावलं होतं. मला वाटलं, मला जास्त कळतं. मी सगळं पीठ वाया घालवलं. आता ती पुन्हा करतेय, तिच्या पद्धतीनं. तोवर कॉफी प्या आणि ताटं वाजवू नका."

काही जण हसले. मला हसले. हसू देत. हेडमास्तर भुवया उंचावून बघत होते, त्यांनी माझ्या तोंडून चूक हा शब्द प्रथमच ऐकला असावा.

आत आले तर कारखाना सुरू झाला होता. "पाणी!" जोझेट ओरडली की एका बादलीत उकळतं पाणी पडायचं, ती ढवळली जायची, तव्याशी यायची. बादली संपायच्या आत दुसरीला "पाणी!" अशी हाक. तव्यावर एका वेळी तीस-तीस प्लॉय, सगळ्यांवर फटाफट डोळे उघडत होते. ऑगीनं सवयीनं एक उलटली, तर तिनं उलथनं त्याच्या मनगटावर हाणलं.

"पुन्हा उलटलीस तर तुलाच उलटीन तव्यावर!"

"मी मावणार नाही."

"अर्धा अर्धा करीन!"

रेआलनं कधी टोपी खुंटीला अडकवली आणि कधी तो तव्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला, कळलंच नाही. तो लेकीचा हुकूम मुकाट ऐकत होता. एकदा त्यानं घाईनं प्लॉय काढली तर ती म्हणाली, "पापा, कच्ची आहे," आणि त्यानं निमूटपणे ती परत टाकली.

आठ पस्तीसला पहिली ताटं खिडकीतून बाहेर गेली. लोणी, मेपलचा पाक, आणि ज्यांना हवं त्यांना मेमेरचा गोळा. तो दहा मिनिटांत संपला. रांग दुसऱ्यांदा लागली, मग तिसऱ्यांदा. जोझेट आता खिडकीशी वाढत होती. तिच्याच वर्गातला एक मुलगा ताट पुढे करत म्हणाला, "हे तुम्ही रोज खाता?" माझे कान टवकारले. त्या गोल टेबलावरच्या बारांपैकी हाही होता.

"जवळजवळ," जोझेट म्हणाली. "बटाटे काढायच्या सुट्टीत तर दिवसातून तीनदा."

मी हातातलं काम थांबवलं.

"म्हणजे ती खरंच असते?" त्यानं विचारलं. "तीन आठवडे? आणि पैसेही मिळतात?"

"मिळतात. पण पहाटे पाचला शेतात. तू दुपारपर्यंत रडशील."

"नाही रडणार!"

"अकरापर्यंत रडशील," असं म्हणून तिनं त्याच्या ताटात आणखी दोन टाकल्या. मागच्या मुलीनं विचारलं, हातानं काढतात की यंत्रानं? तर ही बया उलथनं हातात धरून यंत्र कसं चालतं, मागून वेचायला माणसं कुठे उभी राहतात, ते हवेत चित्र काढून सांगायला लागली. रांग खोळंबली. मी एरवी रांग खोळंबू देत नाही.

साडेदहाला सगळं आवरलं. ऑगी पिठाच्या पोत्यावर बसल्या बसल्या झोपला होता. जोझेट माझ्याजवळ आली. केसांत पीठ, गाल तव्यानं लाल.

"मिस कुंदा, फेब्रुवारीत संध्याकाळी माणूस लागेल म्हणाला होतात."

"लागेल."

"मी आले तर?"

मी हातातलं फडकं पिळून वाळत टाकलं. "वेळेवर येणार असशील तर ये. पापांना सांगितलंस?"

"अजून नाही. ते इतक्या लांबून ट्रक घेऊन आलेत." तिचा चेहरा पडला. "तुम्ही सांगाल का?"

"मुळीच नाही. सकाळी माझं काम मी केलं, साडेतीनशे लोकांसमोर. हे तुझं."

ती बाहेर गेली. भांडी घासायच्या खिडकीतून मला दोघं दिसत होती. आवारातला बर्फ पायांनी दाबत ती बोलत होती आणि तो मान हलवत होता. जास्तच हलवत होता. मग त्यानं तिला जवळ घेतलं, तिच्या केसांतलं पीठ झटकलं आणि पाठीवर थाप मारून आत पाठवलं. ती माझ्याजवळून गेली ती उड्या मारतच, काचवाल्यांच्या फुलदाण्या बघायला. सप्टेंबरपासून तिला कुठे काही बघायला जाताना मी पाहिलं नव्हतं.

ट्रक मात्र हलेना. इंजिन चालू, काचा धुरकटलेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी कॉफीचा मोठा पेला भरला आणि बाहेर गेले. रेआलनं काच खाली केली. डोळे लाल होते, ते त्यानं लपवलेही नाहीत.

"लांबचा रस्ता आहे," मी म्हटलं. "ही घ्या. आणि सकाळच्या पिठाबद्दल माफ करा मला."

"बरं झालं फसलं ते," तो म्हणाला. कॉफीचा घोट घेतला. "तिची खोली रंगवून ठेवली होती मी. परवाच. नवा पलंगसुद्धा केला. तिला सांगू नका."

"नाही सांगणार. उन्हाळ्यात येईलच की ती."

"येईल. पाहुणीसारखी येईल आणि जाईल." त्यानं बाहीनं नाक पुसलं आणि मग एकदम हसला. "ती चार वर्षांची असल्यापासून मीच सांगत आलोय तिला, शिकायला लांब जा म्हणून. रोज सांगायचो. पण ही पोरगी माझं खरंच ऐकेल, असं कुठे वाटलं होतं मला!"

त्यानं रिकामा पेला माझ्या हातात दिला आणि गाडी मागे घेतली.